खोगीर आणि स्वार

मनुष्य गरजेपोटीं जें करतो त्यावरून त्याची परिस्थिति कळते. त्याचा स्वभाव कळावयाचा तर तो हौसेपोटीं काय करतो तें पाहिलें पाहिजे. दुष्काळांत कोण काय खातो यावरून कोणाचीहि परीक्षा करूं नये. ताट भरलेलें असतां ज्याचा हात प्रथम जेथें जातो तेथें त्याची ओळख पटते. हा विचार माझ्या मनांत पुन्हा जागा होण्यास कारण झाली ती एका मोटारीच्या सामानाची यादी.

गेल्या वर्षीं मी जर्मनींत स्टुटगार्ट येथें माझ्या एका जुन्या स्नेह्यांकडे आठ-दहा दिवस राहिलों होतों. हे गृहस्थ तीस वर्षांपूर्वीं पुण्याहून तिकडे गेले. यंत्रांचे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यांत त्यांनीं इमानानें नोकरी केली, घराचें कर्ज फेडलें, मुलीचें शिक्षण आणि लग्न पार पाडलें, आणि निवृत्तीला वर्ष राहिलें असतां विद्यार्थिदशेपासून मनांत जपलेली एक इच्छा पुरी करावयाचें ठरविलें. त्याच शहराच्या त्सुफेनहाउझेन या उपनगरांत पोर्शे कंपनीचा कारखाना आहे. तेथें तयार होणारी, इंजिन पाठीमागें असलेली, ९११ या नांवाची दोन दारांची मोटार त्यांना घ्यावयाची होती. पैशाची तजवीज झाली होती, बाहेरचा रंगहि ठरला होता. घोडें अडलें होतें तें आंतल्या सामानावर.

ती यादी संगणकाच्या पडद्यावर मीं पाहिली, आणि खरें सांगावयाचें तर थक्क झालों. बैठकींना कातडें हवें कीं कापड? कातडें तर कोणत्या रंगाचें, आणि शिवणीचा दोरा त्याच रंगाचा कीं उठून दिसणारा? समोरच्या फळीवरील पट्टी ॲल्युमिनियमची, लांकडाची, कीं कार्बनच्या तंतूंची? कमरेचे पट्टे काळे कीं लाल? सुकाणूचें चाक थंडींत ऊन होणारें हवें काय? किल्लीला मोटारीच्याच कातड्याचें पाकीट हवें काय? हवा आंत येण्याच्या झरोक्यांना जीं बारीक पातीं असतात त्यांनाहि कातडें मढवून मिळतें, आणि त्याचे पैसे निराळे. प्रत्येक खुणेसरशी पडद्याच्या कडेला एकूण रकमेचा आंकडा वाढत होता. माझे स्नेही गेले तीन आठवडे रोज रात्रीं जेवण झाल्यावर या यादीपुढें बसत, दोन खुणा करीत, तीन पुसत, आणि निजावयास जात.

वाचक म्हणतील, श्रीमंतांच्या खेळण्याची ही चर्चा आमच्यापुढें कशाला? हौसेला मोल नाहीं अशी म्हणच आहे. ज्याला परवडतें त्यानें खुशाल घ्यावें. ही म्हण मला कधींच पुरती पटलेली नाहीं. हौसेला मोल असतेंच. तें कोण देतें हें मात्र पुष्कळदां दिसत नाहीं. शिवाय मोटार बाजूला ठेवली तरी हा प्रश्न आपणां सर्वांच्या घरीं केव्हां ना केव्हां येतो. लग्नाचा शालू, नव्या घराची फरशी, देव्हाऱ्याचें लांकूड निवडतांना आपण हेंच करीत असतों. यादी तेवढी आंखूड असते.

मोटारीच्या बैठकी शिवणाऱ्या कारागिराला जर्मन भाषेंत आजहि खोगीर करणारा असेंच म्हणतात. घोडा गेला, कारागीर राहिला. आपल्या भाषेनेंहि घोड्याची आठवण ठेविली आहे, पण थट्टेच्या रूपानें. निरुपयोगी भरण्याला आपण खोगीरभरती म्हणतों. वास्तविक खोगीराची भरती निरुपयोगी नसते. ती नसेल तर घोड्याची पाठ सोलून निघेल, आणि स्वाराचीहि धडगत नाहीं. ती किती असावी, कशाची असावी आणि कोणासाठीं असावी, एवढाच काय तो वाद. आणि माझ्या स्नेह्यांचे तीन आठवडे याच वादांत गेले होते.

पहिल्या रात्रीं मीं यादी पाहिली तेव्हां ती अगदीं वैराग्याची होती. मागच्या दोन लहान बैठकी काढलेल्या, पुढच्या बैठकी कार्बन तंतूंच्या एकसंध कवचाच्या, दार उघडण्यास मुठीऐवजीं कापडी फीत, गाणीं ऐकण्याचें यंत्र साधें. "अरे, ही शर्यतीच्या घराण्यांतली गाडी. तिच्यांत दिवाणखाना कशाला?" असें ते म्हणाले. मला तें फार आवडलें. साधेपणाचें कौतुक करावयास आपणांस काडीचाहि खर्च येत नसल्यामुळें तें लगेच आवडतें, ही गोष्ट माझ्या ध्यानांत मागाहून आली.

त्यांच्या मनापुढें जो आदर्श होता तो मोठा मनोरंजक आहे. १९७२ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत कॅरेरा आर. एस. २.७ ही मोटार मांडण्यांत आली. शर्यतीच्या एका वर्गांत प्रवेश मिळविण्यासाठीं अशा ५०० मोटारी तयार होणें आवश्यक होतें. प्रत्यक्षांत १,५८० तयार झाल्या. वजन उतरविण्यासाठीं पत्रा पातळ केला, कांच पातळ केली. सर्वांत हलक्या नमुन्यांत मागच्या बैठकी नव्हत्या, घड्याळ नव्हतें, हात टेकावयास जागा नव्हती. वजन भरे सुमारें ९६० किलो. परंतु हा नमुना घेणारे दोनशेंच्या आसपासच निघाले. तेराशेंवर गिऱ्हाइकांनीं अधिक पैसे मोजून गालिचा, घड्याळ आणि मागच्या बैठकी असलेला १,०७५ किलोंचा नमुना पसंत केला. म्हणजे त्या काळीं माणसें सुखासाठीं पैसे देत होतीं, आणि तसें करीत असल्याची त्यांना लाज वाटत नव्हती.

पुढें वारें फिरलें. आज लिलावांत त्या हलक्या नमुन्यालाच अधिक भाव येतो. २०१७ मध्यें याच कंपनीनें कॅरेरा टी नांवाचा एक नमुना काढला. त्यांत कांच पातळ, आवाज अडविणारें अस्तर कमी, आणि दार उघडण्यास कापडी फीत. वजनांत बचत झाली वीस किलोंची, आणि किंमत साध्या कॅरेरापेक्षां अधिक. यंत्राचे दोन-चार चांगले भाग तिच्यांत जास्त होते हें खरें. तथापि ज्या गोष्टीची जाहिरात झाली ती गोष्ट म्हणजे काय काय काढून टाकलें ही. भर्तृहरीच्या नांवावर शृंगार आणि वैराग्य अशीं दोन्ही शतकें आहेत. येथें तीं एकाच दुकानांत, एकाच यादींत मिळतात, आणि दुसरें किंचित् महाग आहे.

वैराग्य विकत घेतलें म्हणून तें खोटेंच, असें मी म्हणत नाहीं. फेरारीच्या १९८७ सालच्या एफ-४० मोटारींत गालिचा नव्हता, रेडिओ नव्हता, आणि दार उघडावयास आंतून एक दोरी होती. ती दोरी खरी होती, कारण तिच्याभोंवतालचें सगळेंच तसें होतें. जी बैठक विजेनें पुढें-मागें, वर-खालीं होते, थंडींत ऊन आणि उन्हांत गार होते, तिच्या शेजारच्या दाराला कापडी फीत लावणें हें जरीच्या पागोट्याखालीं भस्म फांसण्यासारखें आहे. पाहणाराला भस्म दिसतें. पागोट्याचें वजन मान जाणते.

पण माझ्या स्नेह्यांच्या वैराग्यांत याहून गंभीर दोष होता, आणि तो मला दुसऱ्या दिवशीं कळला. वहिनींचे गुडघे गेलीं पांच-सहा वर्षें दुखतात. दुकानांत त्या कवचाच्या बैठकींत त्यांना बसवून पाहिलें होतें. बैठक जमिनीलगत, दोन्ही कडा उंच. बसतांना कसेंबसें जमलें, उठतांना एका बाजूनें नवऱ्यानें आणि दुसऱ्या बाजूनें विक्रेत्यानें हात दिला. घरीं आल्यावर त्या हंसून म्हणाल्या, "तुम्ही जा आपले मोटारीनें. मी आगगाडीनें येऊन तिकडे भेटेन." बोलणें थट्टेचें होतें, आणि माझ्या स्नेह्यांनीं तें थट्टेवारीच नेलें. मागच्या बैठकींवर त्यांची चार वर्षांची नात बसूं शकली असती; त्या तर काढूनच टाकल्या होत्या. वीस-पंचवीस किलो वजन उतरविण्याच्या भरांत मोटारींतून दोन माणसें उतरविलीं गेलीं होतीं.

मला माझ्या एका चुलत आजोबांची आठवण झाली. त्यांनीं एकदां वर्षभर अळणी जेवण्याचें व्रत घेतलें होतें. गांवांत त्यांच्या निग्रहाची फार वाखाणणी झाली. प्रत्येक पदार्थाचें वेगळें पातेलें चढवावें लागे, तें आजी चढवी. आणि रात्रीं तीं दुप्पट पातेलीं घासावीं लागत, तींहि आजीच घासी. तिच्या निग्रहाबद्दल कोणी कांहीं बोलल्याचें मला आठवत नाहीं. १९७२ च्या त्या हलक्या मोटारींत उन्हाची तिरीप अडविणारी झडप चालकापुढें ठेवली होती आणि शेजाऱ्यापुढची काढून टाकली होती, असें वाचल्याचें स्मरतें. शर्यतींत शेजारी कोणी नसतो, तेव्हां तेथें तें योग्यच होतें. संसारांत शेजारीं कोणी तरी असतें.

दुसऱ्या रात्रीं वाद निघाला तो पदार्थांच्या खरेपणाचा. इंग्रज लेखक रस्किन यानें १८४९ सालीं वास्तुकलेचे सात दीप सांगितले. त्यांत सत्याचा दीप एक आहे. लांकडावर संगमरवराचे रंग काढून तें संगमरवर म्हणून दाखविणें ही त्याच्या मतें सरळ लबाडी. मात्र इमारतीवरील सोन्याच्या मुलाम्याला त्यानें क्षमा केली आहे, कारण घुमट भरीव सोन्याचा आहे असें कोणी समजत नाहीं. तोच मुलामा दागिन्यावर असेल तर ती फसवणूक. ही कसोटी मोटारीला लावून पाहण्यासारखी आहे. कार्बन तंतूंचें विणकाम नुसतें छापलेली प्लॅस्टिकची पट्टी, किंवा सांच्यांतच टांके उठविलेली, कधीं सुई न पाहिलेली शिवण, या रस्किनच्या हिशेबीं लबाड्याच ठरतील. २०११ सालच्या बी. एम. डब्ल्यू. एम-५ मोटारींत इंजिनाचा आवाज आंतल्या ध्वनिक्षेपकांतून भर घालून ऐकविण्याची योजना होती. इंजिन खरोखरच बलवान् होतें. तरी त्याच्या बळाची ग्वाही देण्यास भाट ठेवावा लागला.

याच्या उलट एक उदाहरण मला फार प्रिय आहे. १९९२ सालीं गॉर्डन मरे या अभियंत्यानें रचलेली मॅक्लॅरेन एफ-१ ही मोटार प्रसिद्ध झाली. तिच्या इंजिनाच्या कप्प्याला आंतून सुमारें १६ ग्रॅम सोन्याचा वर्ख लावलेला आहे. उष्णता परतविण्यास सोन्यासारखा पदार्थ नाहीं, म्हणून तो तेथें आहे. झांकण उघडल्याशिवाय तें सोनें कोणाला दिसत नाहीं, आणि चालकाचा हात तर तेथें कधींच जात नाहीं. त्याच मोटारींत चालकाची बैठक मधोमध, आणि दोघांच्या बैठकी त्याच्या दोन्ही अंगांस किंचित् मागें आहेत. इतक्या टोकाच्या शर्यती वृत्तीच्या मोटारींतहि आणखी दोन माणसांचा विचार झाला होता, हें मीं माझ्या स्नेह्यांस मुद्दाम सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत.

आतां कातड्याविषयीं. माझे स्नेही जन्मापासून शाकाहारी. परदेशांत इतकीं वर्षें काढून त्यांनीं तें व्रत सांभाळलें, आणि त्यासाठीं किती जेवणावळींत केवळ पाव आणि बटाटे खाऊन वेळ मारून नेली तें मला ठाऊक आहे. "खातां येत नाहीं त्यावर बसतां कसें येतें?" असा प्रश्न त्यांनीं स्वतःच काढला, मला काढण्याचें धैर्य झालें नसतें. नेहमींचें उत्तर असें कीं, जनावर मांसासाठीं मारलें जातें, कातडें तर उरलेलें असतें. तें टाकून देण्यापेक्षां वापरलेलें बरें. हें उत्तर मला अर्धेंच पटतें. उरलेल्या वस्तूलाहि भाव आला म्हणजे ती धंद्याच्या हिशेबांत जमेच्या बाजूला बसते, आणि जमेकडे पाहूनच धंदा चालतो.

उंची मोटारींसाठीं बैलाचें कातडें पसंत करतात, कारण गाईच्या कातड्यावर गाभणपणाच्या ताणाच्या रेषा उरतात. कांटेरी तारेचे ओरखडे, माशांचे आणि डांसांचे दंश, जुन्या जखमांचे व्रण असलेलें कातडें बाजूला काढतात. म्हणजे जनावर जगलें याची शक्य तितकी एकहि खूण नसलेलें कातडें तें उत्तम. मला या गोष्टीनें मारण्यापेक्षांहि अधिक अस्वस्थ केलें. ज्याच्या पाठीवर आपण बसणार त्याचा वृत्तान्त आपल्याला नको आहे.

तरी मी हात झटकून मोकळा होऊं शकत नाहीं. माझ्या पायांत कोल्हापुरी वहाणा असतात. माझ्या वडिलांच्या कीर्तनांतील मृदंगाची शाई ज्या पुडीवर चढे ती पुडी कातड्याचीच होती, आणि त्या नादांत किती जणांचे डोळे पाणावलेले मीं पाहिले आहेत. वर्ध्याजवळ नालवाडीस गांधीजींच्या प्रेरणेनें चर्मालय निघालें तें या प्रश्नाला दिलेलें एक सरळ उत्तर होतें. आपोआप मेलेल्या जनावराचेंच कातडें घ्यावयाचें, तेंच कमवावयाचें, आणि जें काम समाजानें ठराविक जातींच्या माथीं मारून वर त्यांनाच दूर ठेविलें तें काम सर्वांनीं शिकावयाचें. त्या कातड्यावर व्रण असत, ओरखडे असत. त्यांतून वहाणा झाल्या. मोटारीच्या कारखान्यानें तें कातडें पहिल्याच तपासणींत परत पाठविलें असतें.

कातडें नको तर अल्कॅन्टारा घ्यावें, असा दुसरा मार्ग यादींत असतो. पुष्कळ लोक त्याला हरणाच्या मऊ कातड्याचा प्रकार समजतात. वस्तुतः १९७० सालीं मियोशी ओकामोतो या जपानी शास्त्रज्ञानें शोधून काढलेलें तें कृत्रिम द्रव्य आहे. सुमारें ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन अशी त्याची घटना असून तें इटलींत उंब्रिया प्रांतांत तयार होतें. त्यावर उजेड चमकत नाहीं, म्हणून समोरच्या कांचेंत प्रतिबिंब पडत नाहीं; हाताला आणि पाठीला त्याची पकड चांगली बसते. हे गुण खरे आहेत. रस्किनच्या कसोटीलाहि तें उतरतें, कारण तें आपल्या स्वतःच्या नांवानें विकलें जातें. पण हाताच्या तेलकटपणानें त्याची लव चिकटून गोळे होतात, आणि त्याचें मूळ द्रव्य खनिज तेलांतून येतें. चांगलें कातडें पन्नास वर्षें टिकलेलें मीं पाहिलें आहे. एक जनावर आणि पन्नास वर्षें, कीं जनावर नाहीं पण दर दहा वर्षांनीं नवें आच्छादन? या त्रैराशिकाचें उत्तर मला आलेलें नाहीं. कापड मात्र दोन्ही आरोपांतून बरेंचसें सुटतें, आणि तरी त्याला यादींत सर्वांत खालची जागा असते, कारण त्याला मान नाहीं. व्हेब्लेन यानें १८९९ सालीं चांदीच्या चमच्याविषयीं जें दाखवून दिलें तेंच येथें दिसतें. वस्तु उपयोगाला किती येते यावर तिची शोभा ठरत नाहीं, खर्च किती झाला यावर ती ठरते.

तिसरी गोष्ट रंगाची. माझ्या स्नेह्यांना लहानपणापासून गर्द हिरवा रंग आवडतो. यादींत मात्र आंतला रंग काळा होता.

"हिरवा कां नाहीं?" मीं विचारलें.

"पुढच्याला आवडणार नाहीं."

"पुढचा कोण?"

"जो माझ्यानंतर ही गाडी विकत घेईल तो. तूं समजतोस तसें नाहीं, हिरव्याला भाव येत नाहीं."

चाळीस वर्षें वाट पाहिलेली मोटार. आणि तिचा रंग ठरविणार तो ज्याचें नांव-गांव ठाऊक नाहीं असा, अजून अस्तित्वांतहि न आलेला गिऱ्हाईक! माझ्या आईनें एक पैठणी आयुष्यभर घडी न मोडतां सुनेसाठीं ठेवली. तिच्या त्या करण्याला निदान एक सून डोळ्यांपुढें होती, तिच्यावर माया होती. येथें डोळ्यांपुढें होता तो बाजारभाव. वस्तु जपून वापरावी आणि दुसऱ्याच्या हातीं धड सोंपवावी, ही विश्वस्ताची वृत्ति मला मान्य आहे. पण विश्वस्त वस्तु सांभाळतो, आपली आवड गहाण टाकीत नाहीं.

तेव्हां मीं त्यांना एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्याच शहरांतली असून त्यांना ठाऊक नव्हती. १९७४ सालीं फर्डिनांड पोर्शे यांची कन्या लुइझे पिएश यांना सत्तराव्या वाढदिवशीं पहिली ९११ टर्बो भेट म्हणून मिळाली. बाहेरून चंदेरी, आंत लाल कातडें आणि तांबड्या-निळ्या चौकडीचें कापड. या बाई निसर्गचित्रें काढीत असत. बाकीच्या कांचांना रंगाची छटा होती, पण पुढची कांच अगदीं स्वच्छ हवी असें त्यांनीं सांगितलें, असें म्हणतात. रंगीत कांचेंतून डोंगराचे आणि कुरणांचे रंग खरे दिसत नाहींत, हें कारण. एवढ्या मोठ्या घराण्याच्या कन्येला यादींतील काय वाटेल तें मागतां आलें असतें. माझे स्नेही हें ऐकून बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनीं यंत्र बंद केलें आणि वहिनींना हांक मारून, उद्यां सकाळीं दुकानांत पुन्हा जाऊं या का, असें विचारलें.

मी परत आल्यावर महिन्याभरानें त्यांनीं कायम केलेली यादी मला पाठविली. पुढच्या बैठकी साध्या, उंची कमी-जास्त होणाऱ्या. मधल्या भागाला चौकडीचें कापड. मागच्या दोन बैठकी परत आल्या होत्या. आंतला रंग हिरवा. झरोक्यांच्या पात्यांचें कातडें, किल्लीचें पाकीट, कार्बनची पट्टी, कापडी फीत, सगळें गेलें होतें. कमरेचे लाल पट्टे मात्र राहिले होते, आणि त्यांचें कारण मीं पत्रानें विचारलें असतां उत्तर आलें कीं, कारण कांहीं नाहीं, छान दिसतात. सुकाणूच्या चाकासमोरचा रकाना त्यांनीं तसाच सोडला होता. त्यांत कांहीं न लिहिल्यास कातड्याचें चाक येतें.